भांगाच्या आठवड्यातले किडे

फ्रीजचं दार उघडताच वास आला, आणि ह्याही खेपेला सगळे मेले हे गॅसभाऊला तिथंच कळलं. तरी माणसाची आशा मेली चिवट असते. त्यानं ट्रे बाहेर काढला, व्हरांड्याच्या उजेडात धरला आणि एकेका किड्याला बोटानं ढोसून पाहिलं. काल लालसर, टणक आणि वळवळणारे होते ते आज पांढरट होऊन सैल पडले होते. हात लावावा तिथं तुटत होते.

"गेले?" आतून सासऱ्यांनी विचारलं.

"गेले."

"मला कालच वाटलं होतं," सासरे म्हणाले.

कालच वाटलं होतं तर कालच का नाही बोललात, असं विचारायची सोय नव्हती. घरजावई माणसाला रोज दोनचार प्रश्न गिळावेच लागतात, आणि गॅसभाऊला आता त्याची सवय झाली होती. त्यानं ट्रे नाल्यात रिकामा केला, पायरीवर बसला आणि कपाळाला हात लावला.

गॅसभाऊ फ्रीज दुरुस्त करायचा. बिघाड कुठलाही असो, तो मागच्या बाजूला वाकून बघायचा, फडक्याला हात पुसायचा आणि निकाल द्यायचा, "गॅस गेलाय." बहुतेक वेळा खरंच गेलेला असायचा, म्हणून धंदाही चालला आणि नावही चिकटलं. लग्नानंतर त्याची भाड्याची खोली सुटली तेव्हा 'दुसरी मिळेपर्यंत' म्हणून तो बायकोच्या माहेरी राहायला आला. दुसरी काही मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर पुढे कुणी शोधलीही नाही. सासूबाई कधीच गेल्या होत्या, घरात सासरे एकटे, आणि बायकोचं एकच पालुपद, "बाबांना कोण बघणार?" आता हे बाबा कुणी बघावं अशातले मुळीच नव्हते. ते जावयाला 'जावईबापू' म्हणायचे, अहो-जाहो करायचे, आणि त्या अहो-जाहोमध्ये इतकं अंतर ठेवायचे की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

सासऱ्यांचा धंदा किड्यांचा. धक्क्यावर गळ टाकून बसणाऱ्या मंडळींना आमिष म्हणून चिखलातले जिवंत किडे लागतात, ते हे खणून आणायचे. समुद्र मागे हटला की दाताळं आणि बादली घेऊन निघायचं, वाळूवर किड्यानं टाकलेली वेटोळी शोधायची, त्याच्या बाजूला दाताळं रोवून ढेकूळ उलटवायचं आणि किडा न तुटता बाहेर काढायचा. अख्खं आयुष्य ह्यात गेलं. धक्क्यावर त्यांना सगळे किडेबाबा म्हणत. ते म्हणत, माझा किडा गळाला लावतानाही बोटाला चावतो. ह्या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता की जणू किड्यांना दात त्यांनीच बसवून दिले होते.

हे असंच चालत राहिलं असतं, पण समुद्र रोज सारखा हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी लांबवर जातं, कडक वाळू उघडी पडते, तिथं लहान मूलही चालत जाईल. मधल्या आठवड्यात भांग. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, वाळू झाकलेलीच राहते. उघडा पडतो तो फक्त खाडीच्या तोंडाशी काळा चिखल. तिथं किडे असतात, पण त्या चिखलाला तळ आहे की नाही हे अजून कुणी सांगितलेलं नाही. मागच्या एका भांगाला सासरे तिथं मांडीपर्यंत रुतले. पाणी छातीला लागलं तेव्हा होडीवाल्यांनी बघितलं, फळ्या टाकल्या आणि ओढून काढलं. घरी येऊन त्यांनी पाय धुतले, जेवायला बसले आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणाले. एवढं सगळं मुलीला दुसऱ्या दिवशी होडीवाल्याच्या बायकोकडून कळलं.

त्या दिवशी घरात जे झालं त्याला भांडण म्हणणंही कमीच. बायकोनं बादली लपवली, दाताळं लपवलं, रडली, जेवली नाही. सासरे भिंतीकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "आठवडाभर धक्क्यावर किडा नाही दिसला, तर गिऱ्हाईक त्या दुकानातल्या रबरी अळ्यांकडे जातं. परत येत नाही. मग मी काय करू, घरी बसून माशा मारू?"

"उधाणातलेच ठेवायचे ना जिवंत, आठवडाभर!" गॅसभाऊ बोलून गेला. "थंडीत ठेवले तर राहतील की."

सासऱ्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं. "ठेवून दाखवा, जावईबापू. एक भांग ठेवून दाखवा. मग खाडीकडे पाऊल टाकणार नाही."

बायकोनं नवऱ्याकडे अशा नजरेनं बघितलं की लग्नातही तसं बघितलं नव्हतं. तो बिचारा तिथंच अडकला.

गॅसभाऊला वाटलं होतं, हे आपल्या डाव्या हातचं काम. थंडी हा तर आपला धंदा! पहिल्या खेपेला त्यानं सरळ बर्फाच्या कप्प्यात ठेवले. दगडासारखे झाले. बाहेर काढून वितळवले तर आतलं सगळं बाहेर आलं आणि ताटलीत नुसतं पाणी उरलं. मग धक्क्यावरच्या कुणीतरी मीठ सुचवलं. मिठात घालून कागदावर वाळवले, तर ते बुटाच्या नाडीसारखे कडक झाले. गॅसभाऊ खूश, कारण वासही नाही आणि सडतही नाहीत. सासऱ्यांनी एक उचलला, खिडकीतून येणाऱ्या उजेडात धरला आणि म्हणाले, "ह्याचं काय करायचं? शिवणकामाला वापरायचं? मी मेलेलं विकत नाही." विषय संपला.

मग त्यानं एका गिऱ्हाइकानं टाकून दिलेला जुना फ्रीज आणला, व्हरांड्यात बसवला, आतले कप्पे काढून पसरट प्लास्टिकचे ट्रे केले, त्यात बोटभर समुद्राचं पाणी, आणि त्यात किडे. कारागीर माणूस, त्यामुळे काम चोख. दाराचं रबर सैल होतं ते बदलून असं घट्ट बसवलं की मुंगी आत जाणार नाही. मुंगी गेली नाहीच, हवाही गेली नाही. दोन दिवसांत सगळे गुदमरून मेले. ज्यानं आयुष्यभर लोकांच्या फ्रीजमधून थंडी बाहेर जाऊ नये म्हणून धडपड केली, त्याला दाराला भोक पाडायचं सुचणार कसं? पुढच्या खेपेला त्यानं मन घट्ट करून भोक पाडलं. तेव्हा एक तुटका किडा ट्रेमध्ये राहिला, तो मेला आणि त्यानं सगळं पाणी नासवून बाकीच्यांनाही सोबत नेलं. त्याच्या पुढच्या खेपेला पाणी बदलायचं होतं, समुद्राचं संपलं होतं, बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून ह्यानं नळाचं घातलं. थोडंसंच. किडे फुगले आणि संध्याकाळपर्यंत आटोपले. तो मूर्खपणा होता हे त्याला नळ उघडतानाही कळत होतं, म्हणून त्याचा संताप दुप्पट झाला.

आणि मधल्या प्रत्येक भांगाला सासरे खाडीवर जात राहिले. अटच तशी होती. ते परत येईपर्यंत बायकोचा जीव टांगणीला, आणि तिचा सगळा राग नवऱ्यावर. "एवढे लोकांचे फ्रीज दुरुस्त करता, घरचे चार किडे सांभाळता येत नाहीत?"

"फ्रीज बिघडला की मला कळतं," गॅसभाऊ म्हणायचा. "किडा बिघडला की मी काय करू? त्याच्या मागे वाकून बघू?"

आज पुन्हा नाल्यात ट्रे रिकामा करून तो पायरीवर बसला तो दुपारी जेवायला उठलाच नाही. बायको ओरडली. मग वडिलांवर ओरडली. मग दोघांवर एकदम ओरडली आणि कामाला निघून गेली. ती लाँड्रीत इस्त्रीला होती. तिथं त्या दिवशी कुणाचा तरी शर्ट जळला म्हणतात. सासरे दारात उभे राहून बराच वेळ जावयाच्या पाठीकडे बघत होते.

पुढच्या उधाणाला गॅसभाऊनं डोळ्यांत तेल घालून सगळं केलं. पाणी धक्क्याजवळचं नाही, लांबचं, स्वच्छ. तुटका किडा वेगळा. दाराला भोक. मोटर फार थंड करणार नाही अशी बटणाची जागा त्यानं पेननं खूण करून ठेवली. भांग लागला. पहिल्या दिवशी जिवंत. दुसऱ्या दिवशी जिवंत, पण जरा सुस्त. तिसऱ्या दिवशी त्यानं दार उघडलं, आणि किडे असे वळवळत होते की जणू आत्ताच चिखलातून आलेत!

त्यानं आरोळी ठोकली. बायको हातात झाडू घेऊनच धावत आली. दोघांनी ट्रेमध्ये डोकं घातलं. "चावतोय!" बायको बोट चोखत ओरडली आणि हसायला लागली. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं.

"जमलं म्हणायचं, जावईबापू," सासरे आपल्या खाटेवरून म्हणाले. आज ते उशिरापर्यंत पडून होते. पाय दुखतात म्हणाले.

मग काय, गॅसभाऊला स्वर्ग दोन बोटं उरला. सासरे घरी आराम करायचे आणि हा सकाळी कामावर जाण्याआधी डबा घेऊन धक्क्यावर किडे वाटायचा. चौथा दिवस, पाचवा दिवस, किडे तरतरीत. एक गोष्ट त्याला खटकली. रोज डबाभर काढूनही ट्रेमधले कमी होत नव्हते. उलट थोडे जास्तच वाटायचे. आणि रंगही जरा काळपट झाला होता. पण यश मिळालेला माणूस अशा गोष्टींना घाबरत नाही, त्यांचं कारण शोधून काढतो. गॅसभाऊनं दोन्ही कारणं काढली. थंडीनं रंग गडद होतो, आणि बेतशीर थंडीत त्यांची वीण वाढते.

हे त्यानं धक्क्यावर टोपीवाल्या मास्तरांना ऐकवलं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, रोज सकाळी त्याच दगडावर बसून गळ टाकणारे, सासऱ्यांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक.

"वीण वाढते?" मास्तरांनी विचारलं.

"दुप्पट झालेत, मास्तर! आता मी ह्याचा मोठा फ्रीज करणार. काचेचं दार लावणार."

मास्तरांनी डब्यातून एक किडा घेतला, तळहातावर ठेवला, नाकाशी नेला. मग गॅसभाऊच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना बोलावं की नको असं झालं असावं.

"हे वाळूतले नाहीत रे," ते शेवटी म्हणाले. "वाळूतला लाल असतो. हा काळा खाडीच्या तोंडाचा. चिखलाचा वास बघ, अजून ताजा आहे."

"कसं शक्य आहे? बाबा तर घरी..."

वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. "आत्ता ओहोटी आहे?" त्यानं विचारलं.

"केव्हाची लागलीय."

गॅसभाऊनं वळून खाडीकडे बघितलं. काळ्या चिखलाच्या पार कडेला एक आकृती वाकलेली होती. ती उठायची, दोन पावलं टाकायची, पुन्हा वाकायची. बादली चकाकत होती.

तो धावत सुटला. धक्का उतरला, दगडांवरून घसरत गेला आणि बुटासकट चिखलात शिरला. घोटा, नडगी, गुडघा. ओरडायला तोंड उघडलं तोवर मांडीपर्यंत आत. एक पाय उपसायला गेला तर दुसरा आणखी खाली गेला. राग इतका होता की भीती वाटायला सवडच मिळाली नाही.

"हलू नका!" सासरे लांबून ओरडले. "हात हलवू नका! आडवे पडा, पोटावर! शर्टाची काळजी करू नका!"

ते एक लांब फळी चिखलावर सरकवत, तिच्यावर गुडघे टेकत आले. गॅसभाऊ पोटावर पडला. सासऱ्यांनी त्याच्या काखेत हात घातला आणि ओढलं, पण त्या ओढण्यात जोर नव्हता. हात सारखे निसटत होते. गॅसभाऊनं ते बघितलं आणि मग फळीला मिठी मारून स्वतःच स्वतःला इंच इंच उपसून काढलं. एक बूट तिथंच राहिला. दोघं फळीवरून खुरडत कडेच्या दगडांपर्यंत आले आणि धापा टाकत बसले.

"कधीपासून?" गॅसभाऊनं विचारलं.

"तिसऱ्या दिवसापासून."

"आणि माझे?"

"तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बघितले. सगळे गेले होते." सासरे नखातला चिखल काढत होते. "तुम्ही उठायच्या आत जाऊन दुसरे आणले. मग रोज तुम्ही डबा घेऊन निघालात की मागच्या दारानं."

"म्हणजे एकही नाही? मी इतके दिवस गावाला सांगत फिरतोय, वीण वाढते, फ्रीज मोठा करतो... अहो, सांगायचं ना मला!"

"काय सांगायचं? मागच्या खेपेला पायरीवर बसलात ते जेवायला उठला नाहीत. ती तुमच्यावर खेकसते, तुम्ही गप्प बसता. म्हटलं, एकदा तरी ह्या माणसाचे जगू देत." मग काही विशेष नसल्यासारखं म्हणाले, "काल पाय अडकला होता. पाणी चढायला लागलं होतं. मोकळा करत बसलो होतो, आणि डोक्यात एकच, आज ट्रे रिकामा निघणार आणि तुम्हाला कळणार."

गॅसभाऊच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"ट्रे गेला खड्ड्यात!" तो ओरडला. "फ्रीज कुणासाठी लावला मी? किड्यांसाठी? मला किड्यांशी काय घेणंदेणं! किळस येते मला त्यांची, पहिल्या दिवसापासून येते! तुम्ही मरू नये म्हणून लावला. आणि तुम्ही त्याच्यासाठी मरायला निघालात? मला बरं वाटावं म्हणून? मला असं बरं वाटणार?" त्याचा आवाज फाटला. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायला त्यानं हात वर नेला आणि सगळं तोंड काळं करून घेतलं.

"हळू," सासरे म्हणाले. "धक्क्यावर ऐकू जातं."

"जाऊ दे!"

पाणी चढू लागलं होतं. थोड्या वेळानं त्यांना उठता येईना, तेव्हा गॅसभाऊनं हात पुढे केला, आणि त्यांनी तो धरला.

घरी दारातच बायको कामाला निघालेली भेटली. तिनं नवऱ्याच्या कमरेपर्यंतच्या चिखलाकडे बघितलं, अनवाणी पायाकडे बघितलं, वडिलांच्या हातातल्या बादलीकडे बघितलं. तिला काही सांगावं लागलं नाही. पर्स खाली ठेवून ती उंबऱ्यावरच बसली.

"म्हणजे मेलेले सगळे," ती म्हणाली.

"तिसऱ्याच दिवशी," गॅसभाऊ म्हणाला.

"मग आता?"

गॅसभाऊनं आता हात टेकले होते. पुन्हा ट्रे, पुन्हा पाणी, पुन्हा तो वास, हे त्याला आता नको होतं. सासरे बादलीतले किडे बोटानं हलवत उभे होते.

"जाणार तर मी आहेच," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण जाईन तेव्हा सांगून जाईन."

"कुणाला?" मुलीनं विचारलं. "आम्ही दोघं कामावर असतो."

"सांगून जाईन म्हणालो ना," सासरे करवादले आणि पाय धुवायला गेले. गॅसभाऊचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही. ज्या माणसानं आयुष्यात मुलीला सांगितलं नाही, जावयाला सांगितलं नाही, तो आता कुणाला सांगणार?

दुसऱ्या दिवशी तो एका खानावळीच्या स्वयंपाकघरात मोठ्या फ्रीजच्या मागे आडवा झाला होता. गॅस खरोखरच गेला होता. पाईप जोडलेले, सिलिंडर शेजारी, आणि मालकीणबाई डोक्यावर उभ्या, दूध नासतंय म्हणून सारख्या बडबडत होत्या. तेवढ्यात त्यांची बडबड थांबली. मागच्या दारात एक म्हातारा उभा होता. हातात बादली, खांद्यावर दाताळं, काखेत फळी. अर्धा गाव तुडवत, दोन दुकानांत आणि एका दवाखान्यात 'आमचे जावई कुठल्या फ्रीजला आलेत' असं विचारत तो इथवर आला होता.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "खाडीवर निघालोय. सांगायला आलो."

गॅसभाऊ फ्रीजच्या मागून डोकं बाहेर काढून बघतच राहिला. मग त्यानं सिलिंडरची चावी बंद केली, पाना ठेवला आणि तो उठला.

"अहो, आणि ह्याचं काय?" मालकीणबाई किंचाळल्या. "माझं दूध!"

"तासाभरात येतो," गॅसभाऊ म्हणाला. तो चरफडत होता, सासऱ्यांवर, समुद्रावर, जगातल्या सगळ्या किड्यांवर. "तुम्ही व्हा पुढे," तो सासऱ्यांना म्हणाला. "हाताला तेल आहे, धुऊन आलोच."

सासरे पुढे झाले नाहीत. बादली खाली ठेवून, जावयाचे हात धुऊन होईपर्यंत ते दारातच उभे राहिले.